शेरा

सकाळी गंगावेशीत शिकलगार इन्स्पेक्टरनं
आबांच्या घागरीत काचेची नळी सोडली.
ती जरा जास्तच बुडाली.
बोलले काहीच नाहीत ते,
घागर नुसती आडवी केली गटारावर,
आणि पांढरं पाणी म्हशींच्या खुरांमधून
वाट काढत पंचगंगेकडं निघालं.

दुपारी शाळा नंबर नऊमध्ये तेच साहेब,
डॉक्टर बिडकरांच्या मागं पत्र्याची पेटी धरून.
आधी नखं, मग जीभ,
मग केसांत पेन्सिल घालून उवा.
बेचक्यात खरूज दिसली की
वर्तमानपत्राच्या कपट्यात गंधकाचा मलम
आणि हजेरीत नावापुढं फुली.
रत्नप्रभाच्या दंडावर देवीचा व्रण नव्हता,
तिला बाजूला काढली.
ती अशी ओरडली
की शेजारच्या वर्गातले पाढे बंद पडले.

माझी पाळी शेवटाला.
भिंतीवर तक्ता. मला तो भिंतच.
पण पुढच्या पोरींचं कानात साठवलं होतं:
ट, ग, ख, म, र, ढ.
घडाघडा म्हटलं.
डॉक्टर "शाबास" म्हणून कार्डाकडं वळलेसुद्धा.
शिकलगारांनी पाऊल न वाजवता
तक्ता खिळ्यावरून काढला, उलटा टांगला.
"आता म्हण, बाळ."
ट, ग, ख, म.
वर्ग हसला. ते हसले नाहीत.
नाव विचारलं.
"शालन मलगोंडा गवळी."
गवळीपाशी त्यांचं पेन जरा अडलं,
टाक झटकून त्यांनी पुढं लिहिलं:
दृष्टी अधू. चष्मा आवश्यक.

दिवाळी सरल्यावर थोरल्या दवाखान्यातून चष्मा आला,
एका काडीला दोरा.
"दूध सांडणाऱ्याची काच हाय ती," आबा म्हणाले,
"घाल आता."

दोन दिवस मी नुसती बघत फिरले.
चिंचेचं पान म्हणजे किती पानं असतात!
समोरच्या माडीवरची म्हातारी
माझ्याकडं बघून हात करायची,
कोण जाणे किती वर्षं.

तिसऱ्या पहाटे गोठ्याच्या दारातून
आबा दिसले, पाठमोरे,
घागरीवर तांब्या वाकवताना.
धार दुधाची नव्हती.
कंदिलाच्या उजेडात
तिच्या आरपार भिंत दिसत होती.

मी चष्मा काढला, फ्रॉकला पुसला,
आणि मुठीत धरून उभी राहिले
तांब्या रिकामा होईपर्यंत.