कार्बनची प्रत

जुलैत मासेरूमध्ये नळ गोठतात.
म्मे न्त्सेबो कचेरीत येतात काळ्या कोटावर लोकरी घोंगडं पांघरून,
आणि रॉकेलचा हीटर धग धरेपर्यंत
देशाच्या महान्यायवादी असूनही एक शब्द बोलत नाहीत.
मग म्हणतात, "कागद लाव."

मंत्रिमंडळाचा प्रश्न साधा होता:
धरणाखाली गेलेल्या हा-लेफूमाच्या शेतांचे पैसे
देणं सरकारवर बंधनकारक आहे का?
समासात पेन्सिलीची बारीक खूण होती,
'नाही' किती सोयीचं पडेल ते सांगणारी.

त्यांनी सांगितलं, मी टाईप केलं:
आहे.
कुरणाचेही. झऱ्याचेही.
कबरींपाशी त्या अडल्या.
"कायद्यात कबरीला दर नाही. लिही, दर नाही.
पुढे लिही, दर नाही म्हणून देणं टळत नाही."

शुक्रवारी मंत्र्यांचा ड्रायव्हर फाईल परत घेऊन आला.
वर हिरव्या शाईत: पुनर्विचार व्हावा.
म्मेंनी पुनर्विचार केला.
एक स्वल्पविराम काढला. तो खरंच चुकला होता.

पैसे कुणी दिले नाहीत.
गावाने दावा लावला,
आणि सरकारतर्फे उभं कोण राहणार?
ज्यांनी बंद दाराआड 'आहे' म्हटलं, त्याच.
मुदत टळली, असा मुद्दा त्यांनी मांडला,
इतका नेटका, की न्यायमूर्तींनी चष्मा काढून पुसला.
मी मागे फायली सांभाळत बसले होते,
तोंडात मूग. नोकरीतला पहिला धडाच तो.

"राजीनामा?" मी एकदाच विचारलं, गाडीत.
"मी गेले तर माझ्या जागी येणारा
तुला 'आहे' टाईप करायला सांगणार नाही."
बऱ्याच वेळाने, पुलापाशी:
"असं मी स्वतःला सांगते. खरं असेलच असं नाही."

न्यायालयाच्या पायऱ्यांवर न्ताते फाकिसो उभे होते,
हातात टोपी, काखेत काठी.
"बाई, आत बोललात ते सरकारचं. तुमचं मत काय?"
"माझं मत माझ्या मालकीचं नाही, न्ताते."
म्हातारा रागावला नाही. त्याने मान हलवली.
"मीही लहानपणी दुसऱ्याची मेंढरं राखली.
एकेकीला नावाने ओळखायचो.
लोकर कातायच्या दिवशी मात्र
मला कुंपणाबाहेर उभं करायचे."
मग त्याने टोपी घातली. वारा फार होता.

निकाल अजून राखून ठेवलेला आहे.

कार्बन जाळून टाकायचा, असा नियम आहे.
आज हीटरमध्ये रॉकेलही नाही,
आणि बोटं वळत नाहीत थंडीने.
तरी तो माझ्या खणात आहे, डब्याखाली.
कधी खिडकीशी धरते.
उजेड आरपार येतो तिथे अक्षरं दिसतात,
सगळी उलटी.
पण वाचता येतात.