हेळेवाडी, ट्रॅक सात

टॅब लेकीचा. शाळा घरात भरायची त्या दोन वर्षांतला.
कोपऱ्याला तडा, मागं फुलपाखराचं स्टिकर,
आणि अजून दर सोमवारी दहाला वाजतो:
भूगोल, धडा चौथा.

उद्यमनगरात पट्टी वाकवून, दोन होलं पाडून
मी तो जीपच्या डॅशबोर्डवर बसवला,
खाली सायकलच्या ट्यूबचा तुकडा, हादरा खायला.
नकाशा रात्रीच घरच्या वायफायवर उतरवून घेतलेला,
कारण फोंड्याच्या रस्त्याला राधानगरी सुटली
की आधी रेंज जाते, मग टपऱ्या.

काम साधं होतं. मे महिना, धरण तळाला गेलेलं,
उघड्या पडलेल्या गाळातनं गाड्यांच्या शर्यतीसाठी
अकरा किलोमीटरचा ट्रॅक आखून आणायचा.
वाट दाखवायला तातोबा गुरव,
शिरोळकडच्या वसाहतीतनं पहिल्या एस्टीनं आलेला.
मांडीवर डबा, डब्यावर टॉवेल.

टायरातली हवा अठरावर आणली, चारी चाकं जुंपली
आणि उतरलो.
स्क्रीनवर सगळं निळं.
आमचा ठिपका काठापासनं लांब, भर पाण्यात,
आणि खिडकीतनं आत येते ती निव्वळ धूळ.
‘बुडालो की आपण, दस्तगीर,’ तात्या म्हणाला
आणि एकटाच हसला.

मी सरळ निघालो. मैदान सपाट, कोण अडवतंय?
‘हळू. हितनं उजवीकडं घ्या.’
का?
‘म्होरं हिरू कुंभाराचं अंगण हाय.’
मला दिसलं ते एक जोतं, तेही घोट्याएवढं.
घेतली उजवीकडं.
‘आता बोळ. आरसा घासंल, जपून.’
दोन्ही बाजूंना नजर पोचेल तिथवर मोकळं,
आणि मी हात बाहेर काढून
आरसा मिटून घेतला.

‘थांबा. हितं म्हशी आडव्या येत्यात.’
थांबलो. इंजिन चालू.
डिझेलच्या काट्याकडं बघत बसलो.
‘चला. गेल्या.’

दहाला टॅब वाजला.
‘काय म्हणतंय त्यो?’
काय न्हाई तात्या, शाळा भरली.
‘शाळा तिकडं हुती,’ तो म्हणाला,
आणि बोट बाभळीच्या एका खुंटाकडं.

दुपारी टॅब तापला, पडदा काळा झाला.
तात्यानं टॉवेल भिजवून त्याच्या पाठीला लावला,
तापातल्या पोराला लावतात तसा, अधूनमधून उलटा करून.
तो उठेस्तोवर आम्ही तीनशे मीटर पुढं आलेलो,
आणि रेघ तेवढीच तुटलेली.
मला चालणार होतं.
‘मागं घ्या,’ तात्या म्हणाला. ‘देऊळ ऱ्हायलं.’
रिव्हर्स टाकला. परत आलो. सावकाश.
देवळापुढं त्यानं चप्पल काढून पाय वर घेतले,
सीटवरच.

रात्री मुबीनानं ट्रॅक उघडला.
धरणाच्या निळ्यात तांबडी रेघ,
काटकोनात वळलेली, मधेच थबकलेली,
एका जागी विनाकारण गोल फिरलेली.
तिनं दोन बोटांनी मोठं केलं, आणखी मोठं केलं.
‘अब्बा, पाण्यात कुठल्या गल्ल्या गं या?’
मी म्हटलं, जेव आधी.

शर्यतवाल्या रणधीरनं बघून कपाळाला हात लावला:
‘सपाट जागेत एवढी वळणं?’
मऊ होतं तिथं, मी म्हटलं,
आणि दुसऱ्या दिवशी एकटा जाऊन
वरच्या मुरुमातनं सरळसोट ट्रॅक आठ आखून दिला.
त्यावर धावल्या गाड्या. बक्षीस सांगलीला गेलं.

ऑगस्टात धरण भरलं, दारं उघडली,
आणि तात्याचा फोन आला.
आधी पाण्यापावसाचं, मग गुडघ्याचं बोलला.
मग: ‘ते हाय न्हवं त्यात अजून?’
हाय.
‘चार्जिंग संपलं तर पुसतंय का वो?’
न्हाई तात्या, पुसत न्हाई.

फोन ठेवला.
उठलो, कपाटातनं टॅब काढला,
आणि चार्जरला लावला.