रुमालाखाली

संकेश्वरात, औषधाच्या दुकानावरच्या खोलीत
झाकण उघडं टाकलेला एक जुना कॉम्प्युटर आहे.
एकशे बेचाळीस माणसं त्यात राहतात,
म्हणजे त्यांचं लिहिलेलं राहतं:
मिरचीचे भाव, बारशाचे फोटो,
कुणाच्या पोरीनं काढलेली चौदा मांजरं,
एक न मिटलेलं भांडण, गणपतीच्या वर्गणीवरून.
पंखा अडकला की मी पेन्सिलीनं ढकलते.

रात्री आप्पा जिना चढून येतात,
"काय करालीस गं अजून?"
प्रोटोकॉल वाचते, म्हणाले.
"मंत्री येणार हाय काय?"

त्यांना कसं सांगू,
की दूर कुठं चार माणसं
एका रकान्याच्या नावावरून महिनाभर भांडताहेत,
आणि त्या भांडणाचा निकाल
माझ्या पेन्सिलीपर्यंत येणार आहे.

मग मी त्यांच्याच खांद्यावरचा टॉवेल ओढला,
त्यांच्या हातावर टाकला, आत माझा हात घातला,
आणि दोन बोटं धरली.
चाळीस वर्षं गुरांच्या बाजारात दलाली केलेला माणूस,
लगेच म्हणाला, "वीस? पाडी हाय का खोंड?"

बघा, हेच.
गोकाकचा व्यापारी मराठी बोलत नव्हता,
तुम्हाला कन्नड येत होतं शिव्यांपुरतं,
तरी जोड्या विकल्या गेल्याच की.
बोटांची रीत सगळ्या बाजाराला ठाऊक,
भाव मात्र दोघांतच.
"आणि टॉवेल कुणाचा?" मी विचारलं.
"ज्याच्या खांद्यावर त्याचा. हे काय इचारनं झालं?"

तेवढंच म्हणायचं होतं मला.
मोठ्या कंपनीच्या बाजारात टॉवेलही त्यांचा,
खांदाही हळूहळू त्यांचाच होतो.

आप्पा खाली गेले. मी वाचत बसले.
आता दुसरी एक रीत आली आहे,
ती म्हणते, घर कितीही बदला, पत्ता तुमचाच राहील.
दोन्ही रीतींना एकमेकींचं कळत नाही.
मध्ये कुणीतरी पूल बांधलाय,
आठवड्यातून दोनदा पडतो,
आणि पुलावरून न्यायच्या आधी आम्हाला विचारलं का,
म्हणून दोन्ही काठांवर आरडाओरडा.

घर बदललं तरी पत्ता राहील.
आमच्याकडे उलटं झालं होतं.
घर जागेवर राहिलं,
पत्ताच उठून दुसऱ्या राज्यात गेला.
आजोबांच्या नावाची दोन स्पेलिंगं आहेत,
एक सातबाऱ्यावर, एक उताऱ्यावर,
आणि दोन्ही ऑफिसं म्हणतात, हा तो नव्हे.

गेल्या महिन्यात गडहिंग्लजच्या सुबराव देसायांनी लिहिलं,
तीस तारखेला सर्व्हर बंद करतोय.
कारण विचारू नका. कुणी विचारलं नाही.
एका रात्रीत अडतीस माणसं माझ्याकडं आली.
ओळखीपाळखी बरोबर आल्या, तेवढं आता जमतं.
लिहिलेलं तिथंच राहिलं,
ते अजून कुठल्या रीतीत नीट बसत नाही.

मालूताई सहा वर्षं रोज
आपल्या विहिरीच्या उघड्या पायऱ्या मोजून लिहायच्या.
दुसरं काही नाही, फक्त आकडा.
दोन हजारांवर आकडे, गेले.
मी माफी मागितली. चूक माझी नव्हती,
तरी मागितली.

पाच दिवस त्या गप्प.
सहाव्या दिवशी सकाळी सव्वासातला
माझ्या पंख्याच्या घरघरीत एक ओळ आली:
आज अकरा.

हुक्केरीत बडिगेर मास्तर
स्वतःचा सर्व्हर चालवतात, शाळेच्या कपाटात,
त्यावर कन्नड कोडी घालतात,
एकाचंही उत्तर मला आजवर आलेलं नाही.
अकराच्या खाली त्यांचा एकच शब्द होता,
त्यांच्या लिपीत, मी अक्षर अक्षर लावला:
नीरु.

एवढं येतं मला.