तिलाच विचार

सामोआत, चर्चमागच्या एका घरात,
ज्याला खांब आहेत पण भिंती नाहीत,
मी पेटीतून काढते दोन बाहुल्या,
एक टोपली, एक डबा आणि एक नीरफणस
लाकडाचा, उट्रेख्टला रंगवलेला.

बघ हं, उइला.
हिने फणस टोपलीत ठेवला, आंघोळीला गेली.
ही दुसरी आली, तिने काढून डब्यात लपवला.
आता पहिली परत येईल.
कुठे शोधेल ती?

उइला सहा वर्षांचा. गुडघ्यावरची खपली काढत म्हणतो,
"तिलाच विचार."

बाहुलीला कसं विचारणार?

"मग मला कसं कळणार?"

कागदावर दोनच चौकटी, बरोबर आणि चूक.
सत्तावीस मुलं झाली,
सत्तावीस वेळा पेन्सिल हवेतच राहिली.

त्याची आत्या तालालेलेई चटई विणतेय.
मान वर न करता सांगते,
"दुसऱ्याच्या पोटात काय आहे ते आपण बोलू नये.
आपल्याच पोटातलं धड दिसत नाही."

इथे तारोचं भांडं, भांडण, रात्रीचा खोकला,
सगळं उघड्यावर.
दार तेवढं माणसाच्या आत.

रूट्गर एकोणीस वर्षं माझा मनकवडा होता.
तुला राग आलाय. तू दमलीयस.
तुला मूल नकोच होतं.
आणि मला तसंच वाटायचं.
वाटायचं म्हणजे,
तो वाटून द्यायचा, मी पानात घ्यायचे.

इथे मला काय वाटतंय ते कुणीच सांगत नाही.
दहा दिवस फार एकटी पडले.
अकराव्या दिवशी झोपले ती दुपारपर्यंत.

उठले तर एक चप्पल गायब.
काढून ठेवली होती तिथे पाहिलं.
मग कुत्र्याच्या खड्ड्यात, कारण मागे त्यानेच नेली होती.
उइला समोर, ओठ गच्च मिटून,
माझी नजर जिथे जाणार
तिथे आधीच जाऊन बसलेला.

म्हणजे बेट्या, तुला सगळं ठाऊक आहे.
मी आधी कुठे वाकेन, मग कुणावर आळ घेईन,
आणि तुझ्या नावापुढे मी
काहीच लिहिलेलं नाही.

"कुठंय माझी चप्पल?"

खांबाला धरून तो गोल फिरतो. एकदा. दोनदा.
"तुला काय वाटतं?"

एक पाय चपलेत, एक गार खड्यांवर,
मी उभी.
कुणी विचारलंय, तर बघावं लागेल.