अट्टाचं नाक

चूल गेली त्याच साली कळायला हवं होतं.

गॅस आला. दिरानं, भरमाण्णानं, धुराडं बुजवलं,
कौलांखाली निळं प्लास्टिक ताणलं –
वानरं नकोत, धूळ नको, थेंब नको.
मीही खूश. भांड्यांची बुडं उजळली.
वर जाणारा धूर काय काम करत होता
कुणी विचारलंच नव्हतं त्याला.

तिसऱ्या आषाढात माळ्यावर चढले
तर वास आला
सुट्टीभर बंद राहिलेल्या शाळेचा.
फळ्या हाताला चिकट.
वाकळेवर पांढरी लव.
बासमतीचं बियाणं पोत्यातच उगवलेलं,
फिकट, लांबडं,
उजेड कुठल्या बाजूला ते न कळलेलं.

ट्रंकेत सासऱ्यांनी जपलेले उतारे.
जुने मराठीत, पुढचे कानडीत.
जुने आम्ही वाचायचो,
पुढचे वाचून घ्यायचो जांबोटीच्या झेरॉक्सवाल्याकडून.
बुरशीनं दोन्ही वाचले होते,
न अडखळता.

नंदगडहून इराप्पा बडिगेर आला.
शिडीवर अर्धा वर, अर्धा खाली,
बराच वेळ नुसता हुंगत राहिला.
"अक्का, अट्टाला नाक कुठं ठिवलाय?"
आम्ही माळा म्हणतो, तो अट्ट.
भरमाण्णा म्हणाला, भोक पाडलं तर पाऊस येईल की!
"येईल की. येईल आणि जाईल.
आता आत बसलाय तो जातोय काय बघा."

प्लास्टिक टराटरा फाडलं त्यानं.
दोन्ही पाख्यांच्या टोकांना, समोरासमोर,
वीतभर खिडक्या; पश्चिमेच्या खिडकीला
बाहेर उतरत्या पट्ट्या, आत जाळी.
आढ्यावरची खानापुरी कौलं दोन ठिकाणी उचलली.
ट्रंक विटांवर, भिंतीपासून हातभर लांब.
भिंतीला पण पाठ खाजवायला जागा लागते, म्हणाला.
हजार रुपये घेतले, वर रताळ्यांचं बोचकं.

उतारे दोरीवर वाळवले, चिमटे लावून.
दोन कागद सुटलेच नाहीत एकमेकांपासून.
ओढले असते तर दोन्ही गेले असते.
तसेच ठेवलेत.

पोत्यातली रोपं मोरीमागच्या चिखलात खोचली.
मूठभर जगली. एवढ्याचं काय करायचं
ते अजून ठरलं नाही.

एक पट्टी तेवढी ढिली राहिली.
रात्री वारं सुटलं की वाजते,
शिडीवर कुणी चढतंय वाटून मी उठून बसते.
इराप्पाला निरोप धाडायचा म्हणते,
आणि राहूनच जातं.