दोन बोटं वर

एवाल्ड कोसुबेकनं काचेला भोक पाडायला घेतलं तेव्हा
गल्लीतून कचऱ्याची गाडी नुकतीच गेली होती.
मी वरच्या मजल्यावरून टॉर्च धरायला खाली आलो होतो.
नुरेत्तिन नळीनं पाणी सोडत होता,
ड्रिलचं टोक तापू नये म्हणून.
काचेचा भुगा दुधासारखा ओघळला
आणि बिस्किटाएवढा गोल तुकडा
न तडकता तळहातावर पडला.
कुणी काही बोललं नाही.
नुरेत्तिननं फक्त नाक शिंकरलं.

मोठी टाकी अकरा वर्षं भिंतीशी आहे.
हेर्नहून समुद्र लांब. तो इथे बादलीतून येतो,
कोरडा, पांढरा,
मग बाथटबमध्ये ढवळायचा.
शेजारी आता ही छोटी:
तळाला वाळू, वर केटो,
उसवलेल्या स्वेटरसारखं हिरवं शेवाळ.
मासा एकही नाही.
"खाणारा पलीकडे," एवाल्ड म्हणतो,
"इथे फक्त खाल्ले जाणारे."

सगळा खटाटोप एका मँडरीनसाठी.
बोटाएवढा, निळ्यावर नारिंगी नक्षी,
पाकिटातलं काही तोंडाला लावत नाही.
जिवंत हवं, आणि तेही डोळ्याला जेमतेम दिसणारं.
पोट खपाटीला गेलंय त्याचं.

माझ्या भाषेत या टाकीला आसरा म्हणता येईल,
मी सांगितलं. आणि हेही, की
आमच्याकडे आसरा डोहात राहतात, सात जणी,
आवडलेल्या माणसाला खाली ओढतात.
"आमच्या खाणीतही होत्या," नुरेत्तिन म्हणाला.
एवाल्ड हसला नाही.

एकतीस वर्षं त्यानं कोळसा काढला नाही,
पाणी काढलं.
कोळसा संपला, खाण बुजवली,
माणसं पेन्शनवर गेली.
पंप चालू आहेत.
थांबवले तर ही बेकरी, हा ट्रामचा थांबा,
खचलेल्या जमिनीवरचं निम्मं गाव
तळ्याच्या तळाशी.
किती दिवस चालवायचे?
"कायम," तो म्हणतो,
जसं कुणी "मंगळवारपर्यंत" म्हणेल.

म्हणून पंप फक्त चढणीला.
मोठीतून वर छोटीत ढकलायचं,
परत यायचं ते पाण्यानं आपल्या वजनानं,
पात्यांना न शिवता,
बारीकसारीक जीव कडेवर घेऊन.
त्यासाठी छोटी वर हवी.
किती? त्यानं लेव्हल ठेवली,
बुडबुडा मधोमध आणला,
काठाशी दोन बोटं आडवी धरली.
"एवढी."

रात्री दहाला त्यानं प्लग ओढला.
वीज गेल्यावरच पाइप खरं बोलतो.
पंप गप्प. आणि पाणी
ज्या वाटेनं चढलं त्याच वाटेनं मागे फिरलं,
मोठी भरत चालली, भरतच चालली.
हवा घ्यायला पाइपला एक छिद्र ठेवलं होतं,
सायफन तिथे तुटायला हवा होता.
तुटेना.
एवाल्ड व्हॉल्व्ह शोधत होता, नुरेत्तिन टॉवेल,
मी भलतीकडे टॉर्च मारत होतो.
इर्मट्राउट गाऊनमध्ये आली,
अंबाड्यातून विणकामाची सुई काढली
आणि छिद्रात खुपसली.
केटोचा एक धागा निघाला.
पाइपनं मोठा घोट घेतला, हवेचा.
पाणी थांबलं.
काठ दोन बोटं उरला होता.

"रोज रात्री बघायचं," ती म्हणाली
आणि सुई गाऊनला पुसत झोपायला गेली.

तीन आठवडे झाले.
मोठीचा दिवा मावळला की छोटीचा लागतो,
त्याचा जांभळट उजेड फुटपाथवर पडतो,
कामावरून येताना मी तो ओलांडतो.
खिडकीत स्टूल, स्टुलावर एवाल्ड,
शेजारी कपात उभी एक सुई.
मँडरीन पाइपच्या तोंडाखाली लटकलेला.
पोट अजून आतच.
मान तिरकी करून त्यानं काहीतरी टिपलं.
काय, ते मला दिसलं नाही.
थांबला. पुन्हा टिपलं.