कल्हई

शरणपूर रोडवर, दुसऱ्या मजल्यावर
मी त्र्यंबककाकांच्या कोपरापाशी शॉक देते.
अंगठा उडतो. काका हसतात,
जसा काही दुसऱ्याचाच अंगठा.

तांबट आळीत एक्कावन्न वर्षं हातोडा.
आता तीन बोटांना रात्रभर मुंग्या,
आणि तापलेली घागर तापलेली आहे
हे जरा मागाहून कळतं.

"आत तार असते ना? तांब्याची?"
नाही काका. खारं पाणी असतं,
आणि दारं. एक उघडलं की शेजारचं,
मीठ आत शिरतं, निरोप पुढे सरकतो.
वर चरबीचं अस्तर, म्हणून तो उड्या मारत जातो;
अस्तर झिजलं की पायी.

कोपर ते मनगट, सेकंदाला चोपन्न मीटर.
मनगटाच्या बोळातून पुढे, एकतीस.

काका पडद्यावरची रेघ बघत राहतात.
"म्हणजे कल्हई उडाली म्हणा की."

रिपोर्टात मी दुसरंच काहीतरी लिहिते.

जेल पुसता पुसता ते माझ्या स्टीलच्या ट्रेला
टिचकी मारतात, मान कलती,
ऐकतात.
"बोटं बधिर झाली, बाई. कान नाही.
कडेला तडा गेलाय तुमच्या ट्रेला."